परत न आलेल्यांची नावं

"पट्ट्या छान बांधतेस तू. बांधत जा. दोरकाम घरातलंच ना तुमच्या?"

आमच्या विभागाचे मोठे सर हे हसत म्हणाले. सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलात, गुरुवारच्या बैठकीत. माझं गाव साताऱ्याकडचं. मांगवाड्यात बाप दोर वळायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. लकवा मारलेला हात पुन्हा कामाला लावायचा, ही माझी नोकरी. ऑक्युपेशनल थेरपी. बोटं आखडू नयेत म्हणून मी पेशंटच्या मापाची कडक पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बनवायचे आणि हात किती उघडला ते वहीत लिहायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच ती वही वाचून दाखवली होती.

सगळे हसले. माझ्याबरोबर काम करणारी रेवती हसली नाही. तिनं वही ओढून घेतली, पानं चाळली.

"ही लाल शाईनं खोडलेली नावं कुणाची?"

"परत न आलेल्यांची."

"म्हणजे आले तेवढेच मोजलेस. न आलेल्यांचं काय?"

मी वही परत ओढून घेतली. सर म्हणाले, "म्हणून म्हणतो, रिसर्च हे सगळ्यांचं काम नाही."

रेवतीवर मी जळायचे. सरळच सांगते. विश्रामबागेत बंगला, वडील डॉक्टर, विलायतेतला मामा जाडजूड जर्नलं पाठवायचा. त्याचंही एवढं नाही. ती बैठकीत बिनधास्त म्हणायची, "मला माहीत नाही." सर म्हणायचे, बघा, किती जिज्ञासा! तेच मी म्हटलं असतं तर? कोट्यातून आलेली, दुसरं काय. माहीत नसणंसुद्धा तिला शोभून दिसायचं. ते मला हवं होतं. जर्नलांपेक्षा जास्त.

तिला खोटं पाडायचंच, म्हणून रविवारी तासगावची एसटी धरली. खोडलेलं पहिलं नाव हौसाबाईचं. बेदाण्याच्या शेडवर सापडली. डाव्या हातानं बेदाणा निवडत होती. उजवा मांडीवर, मूठ आवळलेली.

"मावशी, पट्टी कुठाय?"

"घरात हाय, खुंटीला. आवं बाई, ती घातली की हात नुसता अडकून बसतोय. मुठीनं का हुईना, भाकरी तरी थापती मी."

"मग सांगायला का नाही आलात?"

"काय सांगायचं? तुमी लय मन लावून केलेली. तुमास्नी वाईट वाटंल, म्हणून आलेच न्हाई."

परतीच्या एसटीत मला रडू आलं. रेवतीचा प्रश्न खरा होता. सरांच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. आणि "बरं वाटतंय" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी नुसतं माझं मन राखलं असेल? त्यानंतर रविवारमागून रविवार मी खोडलेल्यांची घरं पालथी घातली. बहुतेकांनी पट्टी कधीच सोडून दिलेली. प्रत्येक नाव पुन्हा लिहिलं. पुढं कारण, ज्याच्या त्याच्या शब्दांत.

मग एका गुरुवारी ते वाचलं. हसलं कुणी नाही. सर म्हणाले,

"माहिती बरी जमवलीस. वही रेवतीकडे दे. पेपर ती नीट लिहील, तिच्या नावानं. शेवटी तुझे आभार मानू."

रेवतीनं हात पुढं केलाच होता.

"न्हाई देणार."

"मग कोण लिहिणार? तू?" सरांनी विचारलं.

"व्हय. मी."

गावचंच तोंडातून आलं. सुधारून घेतलं नाही. नोकरीचं काय होईल ते होईल म्हटलं आणि वही घेऊन उठले.

त्याच दुपारी पेपरचं पहिलं वाक्य लिहिलं, मराठीत: मी बनवलेली पट्टी बहुतेकांच्या कामाच्या आड आली.

रेवतीवर अजून जळते. जळणारच. पण तिच्यासारखं व्हायचं वेड गेलं. 'न आलेल्यांचं काय?' हा तिचा प्रश्न तेवढा मी घेतला, आणि तो परत करणार नाही. आधी माझ्या कामाला विचारीन, मग सरांच्या. उत्तर कितीही वाईट असो, त्याखाली नाव माझंच असेल.