रिकाम्या टेबलावरचे सोले

दीपमाला वानखडे रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी ओढणीच्या टोकाने टेबल पुसायची. कॉम्प्युटर होता तेव्हा त्याच्या भोवतीने. तो उचलून नेल्यावर त्याच्याखाली उजळ राहिलेला चौकोनसुद्धा.

बाळंतपणाची रजा संपवून ती परतली, तेव्हा तिने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याकडे गेला होता. आठवडाभराने कॉम्प्युटरही गेला. मॅनेजर आनंद लिमये फार गोड बोलले. "तुम्हीच राजीनामा द्या ना. धायरीहून यायचं, घरी तान्हं बाळ. तुमच्याच सोयीचं आहे."

"माझी सोय मला कळते, सर."

दोन हजार दोन साल होतं. परदेशातली कामं आटली होती आणि माणसं अशीच गोडीगुलाबीने घरी जात होती. काढलं तर कंपनीला कारण द्यावं लागतं. कंटाळून कुणी निघून गेलं, तर कुणालाच काही द्यावं लागत नाही. अकोल्याहून आई फोनवर म्हणाली, "त्यायनं काढलं तर काढू दे. तू सोडू नको."

म्हणून ती रोज कंपनीच्या बसने यायची, टेबल पुसायची आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर ताठ बसायची. येणारे-जाणारे नजर चुकवायचे.

पौषात आईने ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी पाठवली. दुसऱ्या दिवशी दीपमालाने ती ऑफिसात नेली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सोलायला बसली. एसीच्या थंड हवेत शेंगांचा हिरवा वास पसरला. शेजारच्या टेबलावरची राहिल खुर्ची सरकवून जवळ आली.

"दे इकडे मूठभर. काय करणार यांचं?"

"सोल्यांची आमटी. या ओल्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. उद्या डब्यात आणते."

जेवणाच्या सुट्टीत आणखी दोघी येऊन बसल्या. हशा ऐकून लिमये केबिनमधून बाहेर आले.

"वानखडे मॅडम, हे ऑफिस आहे. मंडई नाही."

"हो का? ऑफिसात काम देतात असं ऐकलं होतं."

राहिलने हसू दाबलं, पण हात थांबवले नाहीत.

"आवरा हे. मुंबईच्या मुख्य ऑफिसातले साहेब येतायत थोड्या वेळात."

"येऊ देत की. पिशवी मोठी आहे."

लिमयांचा आवाज खाली आला. "काय हवंय तुम्हाला?"

"कॉम्प्युटर. आणि काम."

"नवं काम नाहीये. जुन्या प्रोग्राममधल्या चुका पडल्यात दुरुस्तीला. कुणी हात लावत नाही."

"मी लावते."

लिमयांनी घड्याळ पाहिलं आणि हाक मारली. शिपाई बाबुराव कॉम्प्युटर छातीशी धरून आला. तिने सोले डब्यात भरले, टरफलांचा कागद गुंडाळला आणि ओढणीने तो उजळ चौकोन पुसला. कॉम्प्युटर बरोबर त्यावर बसला. उद्याचं तिला माहीत नव्हतं. पण पुन्हा शेंगा लागल्याच, तर त्या मंडईतही मिळत होत्या.

लिमये अजून तिथेच उभे होते.

"सर, जरा पाय उचला," ती म्हणाली. "खाली दाणे सांडलेत."