शेवटच्या प्रकरणाआधी

निवृत्तीनंतर प्रथमच काही लिहितो आहे. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

घाटनांदूरच्या वाचनालयाबाहेर शेळ्या बांधून एक वृद्ध गृहस्थ रोज दुपारी आत येतात. त्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मी एक जुनी कादंबरी वाचून दाखवतो. स्वतःच्या मर्जीने लग्न केलेल्या लेकीशी अबोला धरणाऱ्या बापाची ती कथा. मांडीवर थाप मारून ते त्या बापाला दटावतात, "लई आडमुठा हायेस रं!"

अखेर तो बाप बदलतो आणि लेकीच्या गावी निघतो. वाचन तिथवर येताच त्या गृहस्थांनी पानावर हात ठेवला. "थांबा गुरुजी. माझी लेक बी अशीच लगीन करून पालीला गेली. चार वर्सं बोललो न्हाई. आदी तिच्याकडं जाऊन येतो."

काल ते लेकीला घेऊनच आले. बापाच्या खांद्यावरची घोंगडी सारखी करीत ती म्हणाली, "वाचा की गुरुजी. आमच्या म्हाताऱ्याला शहाणं करणाऱ्या त्या बापाचं पुढं काय झालं?"

कादंबरीतला बाप पोहोचतो, तेव्हा लेक या जगात नसते. चष्मा घरी राहिला, असे मी खोटेच सांगितले. आज दोघे पुन्हा येतील.

आपण माझ्या जागी असता, तर शेवट वाचला असता का?