पाचव्या केमोआधी, दौलताबाद रस्त्याला नऊ होल

करमाडहून दौलताबाद म्हणजे काही मोठा प्रवास नाही. पण त्या शनिवारी मी एक गोष्ट लपवून निघाले होते, म्हणून लिहिते आहे. मला लिम्फोमा आहे. सहापैकी चार केमो झाल्या होत्या, पाचवी सोमवारी होती, आणि गुरुवारी दवाखान्यात फोन करून मी सांगून टाकलं होतं, "गावाकडं लग्न आहे, येता येणार नाही." लग्नबिग्न काही नव्हतं. केमोनंतर तिसऱ्या आठवड्यात कुठं अंगात जीव येतो, भाकरीची चव लागायला लागते, तेवढ्यात पुढची तारीख येऊन ठेपते. मला आता ते नकोच होतं. परत त्या खुर्चीत बसायचं नाही, असं मी पक्कं केलं होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी नसीमचा फोन आला, "उद्या खेळायला जाऊ." नसीम आणि मी एकाच शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. निवृत्तीच्या वर्षी मुलांची सहल घेऊन दौलताबादला गेलो, तेव्हा वाटेत एका निवृत्त सुभेदारांनी पेरूच्या बागेशेजारच्या माळावर केलेलं गोल्फचं छोटं मैदान पाहिलं. मुलं दहा मिनिटांत कंटाळली, आम्ही दोघी मात्र अडकलो. आमचे हे त्याला म्हातारपणीचा विटीदांडू म्हणतात. म्हणोत बापडे.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. शेंद्र्यापुढं कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या की जालना रोडवर रखडायला होतं. आम्ही सातच्या आत शहर ओलांडलं. छावणी मागं पडली तशी हवा गार लागायला लागली आणि थोड्या वेळानं समोर किल्ल्याचा डोंगर दिसला. रस्त्याकडेला बाया पेरूच्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. मी गाडी थांबव म्हटलं, तर नसीम म्हणाली, "कच्चं नक्को. डॉक्टर काय बोल्ला?" आणि थर्मासातला गरम चहा माझ्या हातात दिला.

मैदानावर हिरवळ शोधाल तर निराश व्हाल. सगळा माळ, पायाला कुसळं, आणि होलभोवती तेल शिंपून दाबलेली वाळू. काठ्या आणि चेंडू तिथंच भाड्यानं मिळतात, आम्हा दोघींचे मिळून चारशे रुपये झाले. टोपी आणि पाणी घरून न्या, सावली अजिबात नाही. पहिल्याच फटक्याला मी नुसती माती उडवली. सुभेदार लांबून म्हणाले, "ताई, लई जोर नका लावू. काठीला तिचं काम करू द्या."

तिसऱ्या होलवर मेंढरं आडवी आली. त्यांच्या मागं आलेली बाई आमच्याकडं बघतच उभी राहिली. "एवढं लांब हाणता, आन् मंग हुडकायला तुमीच जाता व्हय?"

"काय करणार मावशी, अक्कल नाही," नसीम म्हणाली.

"असू द्या. फिरणं तर व्हतंय."

आम्ही इतक्या हसलो की मला खाली बसावं लागलं.

गोल्फमध्ये चेंडू होलच्या अगदी तोंडाशी असला की समोरचा "दिला" म्हणतो आणि तो फटका मारायला लागत नाही. सहाव्या होलवर माझे सात फटके झाले होते आणि चेंडू चांगला दोन काठ्या लांब होता. नसीमनं वाकून तो उचलला. "दिला, दिला." त्या सकाळी तिसऱ्यांदा.

माझं डोकंच फिरलं. "ठेव तो खाली. मी अजून मेले नाही, नसीम. दया नको मला."

ती चेंडू मुठीत धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "काल दवाखान्यातनं मला फोन आला होता. तुझ्या कागदावर दुसरा नंबर माझा आहे ना. विचारत होते, लग्नाहून कधी येणार." आणि माझ्याकडं बघून, "कुणाचं लग्न आहे गं, सुनंदा?"

मी काठीच्या टोकानं माती उकरायला लागले.

"आज हरलीस तर आणखी खचशील, सोमवारी जाणारच नाहीस, म्हणून उचलत होते. मेरेकू डर लगरा."

"मी दमले गं," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच कुणापाशी बोलले.

"मग दमले म्हण ना. दमलेली चालतेस तू मला. नसलेली नाही चालणार."

तिनं चेंडू होता तिथं ठेवला. मला आणखी चार फटके लागले आणि तिनं प्रत्येक मोठ्यानं मोजला, आठ, नऊ, दहा, अकरा. नऊही होल आम्ही पुरे केले. मी सपाटून हरले.

किल्ला चढण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून पायथ्याच्या खानावळीत बसलो. तव्यावरची गरम भाकरी आणि पिठलं. दुपारी गर्दी होते, अकराच्या सुमारास जा. तिथूनच मी दवाखान्यात फोन लावला.

"लग्न लांबलं का, बाई?" सिस्टरनं विचारलं.

"लग्न नव्हतंच."

मग ती म्हणाली, "सोमवारी आठला या. नाष्टा करून या."

घरी आल्यावर यांनाही सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते शेजारी येऊन बसले.

पाचवी केमो होऊन आज दहा दिवस झाले. तोंडाला चव नाही, जिना चढताना धाप लागते. नसीम रोज संध्याकाळी येते. पहिल्या चार वेळा मी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. काल तिच्यासमोर रडले, बराच वेळ, आणि तिनं गप्प बस म्हटलं नाही.