हळदीचा ठिपका

१९४८च्या उन्हाळ्यात वालूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हत्यारबंद टोळीने तळ ठोकला होता. मालक आधीच पळून गेला होता. माझा थोरला भाऊ तिथे इंजिन चालवायचा. त्याला त्यांनी ठेवून घेतले. जिनिंगचा स्वतःचा डायनामो होता आणि मालकाचा रेडिओ त्यावर चाले. एका सकाळी रेडिओतून धूर निघाला. भावाने तो मुद्दाम जाळला, असे ठरवून त्याला इंजिनाच्या पट्ट्याने झोडपण्यात आले. मी परभणीत रेडिओ दुरुस्त करायचो. मला मोटारीत घालून तिथे नेले.

भाऊ तेलाच्या पिंपाला बांधलेला होता. सदरा पाठीच्या कातड्याला चिकटला होता.

"चालू हुआ तो दोनों जाओ," म्होरक्या म्हणाला. "नै तो दोनों यहींच."

मी रेडिओ उघडला. एक कंडेन्सर फुटला होता आणि त्याने जवळचा रेझिस्टर जाळला होता. कंडेन्सर बदलला. रेझिस्टरची किंमत तेव्हा रंगांनी लिहीत: अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, मधला ठिपका म्हणजे पुढची शून्ये. अंगाचा कोळसा झाला होता. खालच्या बाजूला तपकिरी शिल्लक होते, म्हणजे एक. टोक काळे, नखाने खरवडले तरी काळेच, शून्य. ठिपका पिवळा, चार शून्ये. एक लाख ओहम. शेगडीत डाखायचे लोखंड तापवून तसा रेझिस्टर जोडला.

आवाज आला, पण कान लावल्याशिवाय ऐकू येईना.

"क्या उस्ताद, रेडियो बनाया की मच्छर पाला?"

टोळीतले हसले. म्होरक्याने भावाचा उजवा हात सोडवून ऐरणीवर ठेवला आणि अंगठ्याजवळच्या बोटावर हातोडा घातला. हाड फुटल्याचा आवाज रेडिओपेक्षा मोठा होता.

"अब दूसरी."

मी रेडिओ दाराच्या उजेडात ओढला. ट्रान्सफॉर्मरवर, पत्र्यावर, बांगडीएवढ्या स्पीकरवरही तसेच पिवळे ठिपके होते.

"दादा, हे पिवळं काय हाय?"

भाऊ म्हणाला, "हळद. खंडेनवमीला इंजिनाला लावली, तवा ह्यालाबी लावली. आतून."

थुंकी लावून ठिपका पुसला. खाली नारिंगी निघाला. तीन शून्ये, दहा हजार. पहिला रेझिस्टर तोडून दुसरा जोडला. बातम्या देणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या छपराला जाऊन भिडला.

म्होरक्याने हातोडा खाली ठेवला. "ले जा इसकू."

परभणीच्या दवाखान्यात बोट मुळापासून काढावे लागले.

खंडेनवमीपर्यंत टोळी पांगली होती. जाताना त्यांनी रेडिओ दगडाने फोडला होता. भाऊ कामावर परतला. त्याने इंजिन धुतले, डायनामो पुसला आणि दोन्हींना मधल्या बोटाने हळद लावली.