शेणकिड्याचं औषध

गिरडची टेकडी मागे पडली, तेव्हा कुठे अन्नपूर्णाच्या ध्यानात आलं की जिजामाय आज मागे राहतेय. एरवी तिच्या पावलाला पाऊल लावताना अन्नपूर्णालाच धाप लागायची.

"माय, पाय दुखते का?"

"नाई वं. चप्पल लहान झाली."

"या वयात पाय वाढते का तुमचा?"

"तुही जीभ वाढली, तं माहा पाय काऊन नाई वाढणार?"

अन्नपूर्णा हसली, पण तिची नजर त्या पायावरून हटेना.

जिजा साठीची गोंड बाई. नवरा मंगरू गावची गुरं राखायचा. तो गेला तशी त्याची काठी हिच्या हातात आली. गुरांशी ती गोंडीत बोले, माणसांशी वऱ्हाडीत. अन्नपूर्णा हिंगणघाटच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची कामं बघायची. तिथल्या रीता मॅडमना शेणकिडे हवे होते, तेव्हा कुणीतरी जिजाचं नाव सांगितलं. तेव्हापासून तीन वर्षं, पोळ्याच्या आगेमागे, दोघी चराईच्या रानात डबा घेऊन हिंडत. गुरं त्या दिवशी सून सोनम बघे. जिजाचा एक नेम होता. शेणाची गोळी ढकलत निघालेल्या किड्याला हात लावायचा नाही. "लेकराइचं घर बांधून राह्यला थो," म्हणायची आणि डबा पाठीमागे धरायची.

शेणात जन्म काढणारा हा जीव सडत कसा नाही, हेच मॅडमना बघायचं होतं. जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्यांनी किड्याच्या अंगातल्या रसाचा थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटला होता. तेवढ्या जागेत जंतू नव्हते. एवढ्याशा जिवाचीही देवाने सोय लावून ठेवलेली बघून अन्नपूर्णाचे हात आपोआप जुळले. हल्लीची औषधं ज्या जंतूंवर चालत नाहीत, त्यांच्यावर उद्या हे चालेलही, असं मॅडम म्हणाल्या. मात्र पुष्कळ वर्षं लागतील, अजून एकाही माणसाला दिलेलं नाही, हेही म्हणाल्या. अन्नपूर्णाने पुढच्या फेरीत जिजाला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "त्याच्या अंगात औषध हाय, माय!" बाकीचं सांगायचं राहून गेलं.

नाला लागला. घोट्याएवढं पाणी, तरी जिजा चप्पल काढेना. अन्नपूर्णाने तिला दरडीवर बसवलं आणि स्वतःच चप्पल ओढली. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. ती सोडली तर आत हळदीचा काळपट लेप, आणि वास. जिजाला दोन वर्षांपासून शुगर होती.

"हे काय लावलं?"

"तुहंच औषध. सात किडे कुटले, हयदीत कालवले. तूच सांगतलं नं?"

बाटलीतल्या पाण्याने अन्नपूर्णा हळूहळू जखम धुऊ लागली.

"ताटलीत टाकते थो आतला रस, माय. थेंबभर, येगळा काढून. वरून तं किडा शेणानंच माखला असते. तेच जखमेत गेलं."

जिजाने सोडलेली चिंधी उचलली.

"म्हंजे त्या साताइले मी फुकटच मारलं."

"चूक माही हाय. मी अर्धंच सांगतलं तुम्हाले." तिने आपला धुतलेला रुमाल अंगठ्यावर बांधला. "चला, आत्ताच दवाखान्यात जाऊ. उशीर केला तं अंगठा जाईन, पायही जाईन."

"तिथं गेलं का कापतेच."

"कापा लागू नये म्हणूनच आज जाऊ."

"अन् गुरं?"

"सोनम हाय नं. पाय राह्यला तं गुरं राखान."

जिजा उठली नाही. पायाची बोटं हलवून बघितली. अंगठा हलला नाही. मग ती गोंडीत काहीतरी पुटपुटली. तिने काठी टेकली आणि दुसरा हात अन्नपूर्णाच्या खांद्यावर ठेवला. नाला ओलांडून दोघी पांदणीच्या वाटेने निघाल्या. दर दहा पावलांवर थांबत. दवाखान्याच्या फाट्यावरचं झाड दिसायला लागलं तशी जिजा थबकली.

"बाई, एक काम करजो. डॉक्टरजवळ पयले तू जाजो. किडे कुटून लावले, हे तूच सांगजो. हासतीन तं हासू दे. पण मले इचारलं नं, तं मी भेऊन नुसती हयदच सांगीन."