मधमाश्यांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

निवृत्तीनंतर परसात मी दोन छंद एकदम सुरू केले: सात गावठी कोंबड्या आणि सातेरी माश्यांची एक मधपेटी. माश्यांचा इतका लळा लागला की सकाळचा चहा पेटीशेजारी स्टूल टाकूनच व्हायचा. बायको म्हणायची, "तुमी आता पेटीकडेच नांदाक जावा."

आंब्याला मोहर होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पेटीच्या तोंडाशी माश्यांचा सडा पडलेला. काही मेलेल्या, काही जमिनीवर गरगर फिरणाऱ्या. जीव तुटला, आणि लगेच डोकं फिरलं. दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या वहिनींची हापूसची चार कलमं आहेत. नवरा गेल्यापासून त्यांचं वर्ष त्यांवरच निघतं. तुडतुड्यांसाठी त्यांनी दोनच दिवसांपूर्वी मोहरावर फवारणी केली होती. मला तेवढं पुरलं. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेला मी, पुरावा न बघताच त्यांना दोषी ठरवून मोकळा झालो.

तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. नाव घेतलं नाही. मानकऱ्याने नारळ धरून आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्या मुक्या जीवांचा वायट केल्यान आसात, तेका तेची जागा दाखव रे म्हाराजा!" जमलेली माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" त्यांत वहिनीही होत्या. त्यांची फवारणी गावाला ठाऊक होती; सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

लोक बोलतील म्हणून पुढची फवारणी त्यांनी केलीच नाही. तुडतुडे पडले, मोहर काळा होऊन गळला. "देव बघता," मी बायकोला म्हणालो.

चैत्रात कोंबड्यांना पुन्हा उवा झाल्या. त्यांना डालग्याखाली कोंडून मी खुराड्यात औषध फवारलं आणि पंप नळाखाली विसळला. संध्याकाळी नळाजवळच्या ओल्या मातीत तीन-चार रानमाश्या उताण्या पडून पाय हलवत होत्या. माझ्या माश्याही पाणी प्यायला तिथेच यायच्या. त्या मेल्या, त्याच्या आदल्या दिवशीही मी खुराडं फवारलं होतं, पंप तिथेच विसळला होता.

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. देवाची भीती नव्हती, त्या बाईला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पाचव्या दिवशी गेलो. त्या कलमांखालचा पातेरा झाडत होत्या.

"वयनी, माशयो तुमच्या फवारणीन नाय, माज्याच औषधान मेल्यो."

"माका म्हायत आसा," झाडणं न थांबवता त्या म्हणाल्या. "तुमी पंप धुय होतास, ता मी बघलंय."

"मग देवळात बोललास कित्याक नाय?"

"तुमचा नाव घेतलंय असतंय, तर ता गाऱ्हाणा तुमकाच लागला असता." त्यांनी झाडू खाली ठेवला. "म्हणान दुसऱ्या दिसा जावन नारळ ठेवलंय. म्हटलंय, गुरुजींका कळाक नाय, तेंका सांभाळ."

गाऱ्हाणं जिथे घातलं तिथेच गावासमोर उभं राहून हे सांगायला हवं. गाव अजून त्यांनाच दोष देतं. यंदाचा मोहरही आला. मी अजून देवळात गेलेलो नाही.