बारवरून गेलेला बॉल

मी घर सोडलं त्या दिवशी पप्पांनी माझ्या फुटबॉलमधली हवा काढली. पंपाची सुई लावून ते अंगणात बॉल गुडघ्यांनी दाबत बसले होते आणि आई म्हणत होती, "पोरगी शिकायला निघालीया, त्यात ह्ये कशाला?" चपटा झालेला बॉल कांदा-लसूण मसाल्याच्या पिशवीशेजारी बॅगेत गेला. जपून राहा, वेळेवर जेव, असलं काही पप्पा बोलले नाहीत. गाडीचं दार लावताना एवढंच म्हणाले, "बॉल खाली ठेवायचा. वर मारायला अक्कल लागत न्हाई."

कोल्हापूरबाहेरच्या लोकांना हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे तालमीत कुस्ती असते तशी तालमीची फुटबॉल टीमही असते, आणि मॅच असली की अख्ख्या पेठेचं कामात लक्ष नसतं. पप्पा आमच्या तालमीचे फॉरवर्ड होते. गोलच्या आडव्या दांडीवरून, म्हणजे बारवरून, बॉल घालवणारा माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. मला त्यांनीच गल्लीत खेळायला शिकवलं, पण आमच्या कॉलेजात मुलींची टीम कधी धड जमलीच नाही. मला एकदा तरी खऱ्या मैदानावर, टीमची जर्सी घालून, त्यांच्यासमोर खेळायचं होतं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. इच्छा त्यांचीही होती आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

आयर्लंडमधल्या मेनूथला मास्टर्ससाठी आले. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या क्लबांचे स्टॉल लागले, त्यातल्या मुलींच्या फुटबॉलला मी पुढचंमागचं न विचारता नाव दिलं. मैदानावर गेले तर गोलचे खांब वर आभाळात गेलेले आणि पोरी बॉल चक्क हातात घेऊन पळतायत. हा इथला गेलिक फुटबॉल. बारखालून जाळ्यात मारलं तर गोल, त्याचे तीन पॉइंट. बारवरून, दोन खांबांच्या मधून मारलं तर एक पॉइंट. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी लहानपणी बोलणी खाल्ली, तिच्यासाठी इथे बक्षीस.

आमची कोच नोरीन पोर्टलीश गावची. आठवडाभर हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी करून आमच्यासाठी चिखलात येऊन उभी राहायची. आदल्या सीझनमध्ये टीम एकही मॅच जिंकली नव्हती. या वेळी मात्र एकेक मॅच निघत गेली. बसमध्ये माझ्या भडंगाचा डबा फिरायचा, पोरी नाकडोळे पुसत खायच्या आणि आणखी मागायच्या. मी पळण्यात कुणाला ऐकत नव्हते. पण बारसमोर आले की पाय आपोआप बॉल खालीच मारायचा. सेमीफायनलला सोपा पॉइंट समोर होता, मी खालून जाळ्याकडे मारला आणि त्यांच्या गोलकीपरनं आरामात अडवला. मॅच कशीबशी वाचली.

नोरीननं मला बाजूला घेतलं. "तू पॉइंट का घेत नाहीस?"

"वडिलांनी मनाई केलीय," मी म्हणाले. ऐकून माझं मलाच हसू आलं. ती हसली नाही.

"वडिलांनी ग्रँड शिकवलंय," ती म्हणाली, "पण ते वेगळ्या खेळासाठी. फायनलला तू पॉइंट घेणार असशील तर टीममध्ये आहेस."

मी हो म्हणाले. पण फायनल पप्पा बघणार होते. माझी रूममेट केतकी, नागपूरची, मैदानाच्या कडेला फोन धरून उभी राहणार होती आणि तिकडे कोल्हापुरात पप्पा तालमीतल्या टीव्हीला फोन जोडून दोस्तांसकट बसणार होते. मी त्यांना आधी नियम सांगायला गेले तर म्हणाले, "मला फुटबॉल शिकवतीयास व्हय?" आणि विषय संपला. आयुष्यात पहिल्यांदा मी जर्सी घालून त्यांच्यासमोर खेळणार होते, आणि नेमकी त्यांनी मनाई केलेली गोष्ट करणार होते.

मॅच बरोबरीत आली. शेवटचं मिनिट असेल, बॉल माझ्या हातात आला. समोर गोलकीपर, आणि तिच्या डावीकडे खाली मस्त मोकळी जागा. पायाला ती जागा लगेच दिसली. कडेवरून नोरीन ओरडत होती, "टेक युअर पॉइंट!" मी डोळे वर केले आणि बॉल बारवरून उडवला.

पंचानं पॉइंटचा पांढरा झेंडा फडकवला, शिट्टी झाली, पोरी माझ्या अंगावर पडल्या. केतकीनं नंतर सांगितलं की त्याच क्षणी कोल्हापुरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. पप्पा म्हणत होते, "घालवलंस की गं. पांढरा झेंडाबी दाखवला त्यांनी." बिचारी केतकी फोनवर घसा फोडून सांगत होती, "काका, जिंकलो ना आपण! चॅम्पियन झालो!" मग तिकडून आवाज आला तो फटाक्यांचा.

आता मी मेनूथजवळच क्लोनडॉकिनला राहते, चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये नोकरी करते, इथल्या लोकांसारखी कपाटाला प्रेस म्हणते. यंदा सुट्टीला घरी गेले तर पप्पा मला मॅचला घेऊन गेले. आमच्या तालमीच्या पोरानं बॉल बारवरून घालवला, अख्खं स्टेडियम हळहळलं आणि मी एकटीच टाळ्या वाजवत उठले. सगळे वळून बघायला लागले. पप्पांनी हाताला धरून मला खाली बसवलं आणि लोकांना म्हणाले, "आमची पोरगी आयर्लंडची हाय."

लोक हसले, मीही हसले, पण आत काहीतरी तुटलं. जन्म इथला, जीभ इथली, आणि माझ्या बापानं मला पाहुण्यासारखं तिकडची करून टाकलं होतं. मी मैदानाकडे तोंड वळवलं. पप्पा माझ्याकडे बघत होते, त्यांना कळलं असावं.

थोड्या वेळानं त्याच पोरानं पुन्हा बॉल बारवरून मारला. स्टेडियम पुन्हा हळहळलं. आणि शेजारी पप्पा उभे राहिले, आमच्या तालमीचे जुने फॉरवर्ड, सगळ्या पेठेसमोर, आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "डोकं फिरलं का तुमचं?" पप्पा थांबले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "ऊठ की."